खेचराचा वीरगळ

मुलांनो,

मधलीने पाठवलेले फोटो मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. फ्रान्समधलं ते छोटं गाव, जिथे तुम्ही उन्हाळ्याची सुट्टी काढलीत, फार देखणं आहे. एकच रस्ता, दगडी घरं, मधे चर्च आणि कौलारू छपराखालचं ते धुणं धुवायचं टाकं. आता तिथे कुणी धुणं धूत नाही, तरी गावाने ते घासूनपुसून ठेवलंय, कडेने फुलांच्या कुंड्या मांडल्यात. चौकात युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला खांब आहे. हे सगळं पाहून मला बरं वाटलं. पण फोटोंखाली मधलीने लिहिलंय, "आजी, आपल्याकडच्या खेड्यांत असं काही जपायची पद्धतच नाही." हे वाक्य मला मान्य नाही. नातवंडांशी भांडायला माझी कधीच हरकत नसते. मात्र भांडण पुराव्यानिशी करावं, असं मला शाळेत शिकवलं होतं. म्हणून क्रमाने लिहिते.

आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधलं. गूळ आणि हळद बैलगाडीने सांगलीच्या पेठेत जायची आणि पोरं फौजेत. मी सांगते ती वर्षं दुसऱ्या महायुद्धाची. मी सांगलीला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत गावी यायचे. इंग्रजी वाचणारी गावातली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे बायका मला औषधाच्या बाटलीपासून काड्यापेटीपर्यंत काहीही वाचायला आणून देत.

गावाच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळामागे, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर काळ्या दगडांची एक रांग आहे. हे वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. खाली लढाई, मधे त्या वीराला अप्सरा वर नेताहेत, त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कुठेच नसतं. नाव लक्षात ठेवणं हे गावाचं काम. त्यासाठी आमच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला शीव ओलांडून परत येताना प्रत्येक घर आपापल्या दगडापुढे थांबायचं. दगडाला तेल-शेंदूर लावायचा, आपट्याची पानं ठेवायची, मग घरातला कर्ता पुरुष मोठ्याने सांगायचा, हा कोण, कुणाचा मुलगा, कुठे पडला. पोरासोरांनी ऐकायचं. आमच्या गावाचा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही. वर्षातून एकदा तो असा मोठ्याने बोलला जायचा आणि त्यावरच तो टिकला. कुंड्या कुणी मांडल्या नाहीत, हे खरं.

आता थोरल्या आईबद्दल. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पहिल्या महायुद्धात माझे हे चुलते खेचरांच्या तुकडीत भरती होऊन फ्रान्सला गेले आणि परत आले नाहीत. ती तेव्हा जेमतेम सोळा-सतराची असेल. खबर आली, बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, पुढे सरकारची पेन्शन सुरू झाली. तिने माहेरी जायला नकार दिला. आजोबांचं वय झाल्यावर उसाची लावण, पाण्याच्या पाळ्या, गुऱ्हाळ, गड्यांशी भांडणं, सगळं तिच्याकडे आलं. ती उंच होती आणि तिचा आवाज बांधावरून पलीकडच्या बांधावर स्पष्ट ऐकू जायचा.

चावडीच्या भिंतीत एक पांढरी फरशी बसवलेली होती. पहिल्या युद्धानंतर सरकारने लावलेली, अक्षरं सगळी इंग्रजी. फरशी लावली तेव्हा कुणीतरी गावाला सांगितलं की हिच्यावर गेलेल्यांची नावं आहेत. गावाने ते मानलं. वाचायला येतं कुणाला? थोरली आई बाजाराला जाता-येता तिथे थांबायची, पदराने धूळ पुसायची, हाताशी झेंडूचं फूल असलं तर खाली ठेवायची. इतकी वर्षं. त्या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर होते. ती म्हणाली, "तुला येतंय न्हवं? वाच बगू. त्येंचं नाव कुटं हाय त्ये दाव मला. बोट ठिवून दाव."

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं, "या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली. त्यांतल्या तिघांनी प्राण दिले."

"आन् नावं?"

"नावं नाहीत."

"नीट बग. खाली बारकं लिवलं आसंल."

"खाली काही नाही, थोरले आई. एवढंच आहे."

ती फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या तिगांत माजा कितवा?"

तिने आपण ठेवलेलं फूल उचललं आणि चावडीशेजारी बांधलेल्या म्हशीपुढे टाकलं. म्हशीने ते खाल्लं. त्यानंतर ती त्या फरशीपुढे कधी थांबली नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला, आजोबा ओसरीवर बसलेले असताना, ती दाराआडून म्हणाली, "मामंजी, मला ह्येंचा दगड बशिवायचा हाय. रांगंत."

आजोबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कसला दगड?"

"आपल्या घरचा मोठा दगड हाय त्याच्यासारका. दसऱ्याला आपून सगळ्यांची नावं घेतो. ह्येंचं कोण घेतंय?"

आजोबा वाईट नव्हते. ते नुसते म्हणाले, "गावाला इचारावं लागंल." थोरली आई म्हणाली, "मग इचारा. मी बी येती."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर म्हातारे जमले. बाईमाणसाने पारावर जायची रीत नव्हती, म्हणून ती पाराखाली उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. मी तिच्या मागे. पदर डोक्यावर होता, पण तोंड झाकलेलं नव्हतं, हे मला चांगलं आठवतं.

पारावरचं म्हणणं असं होतं. मढं आलं नाही, अस्थी आल्या नाहीत, मग दगड कशाचा? शिवाय त्याला अग्नी दिला तो आमच्या गावच्या पिंजाऱ्याने, म्हणजे मुसलमानाने. आणि मुख्य म्हणजे तो लढला कुठे? खेचरं हाकली त्याने. एक म्हातारा हसून म्हणाला, "उद्या गाढवं हाकणाऱ्याचा बी दगड मागतील."

थोरल्या आईने सगळं बोलू दिलं. मग आजोबांना विचारलं, "मामंजी, आपला मोठा दगड कुणाचा?"

"पानपतावर ग्येलेल्या मूळपुरुषाचा. तुला ठावं हाय की."

"त्येंचं मढं आलं हुतं?"

पानिपतावरून कुणाचंच मढं आलं नव्हतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

"आवं, त्येंच्या अस्थी तरी? कोण ग्येलं हुतं आणाय?" ती म्हणाली. "मोप दूर पडला, कुटं पडला ठावं न्हाई, तरी दगड बसला. माजा कुटं पडला त्ये सांगणारा माणूस ह्या गावात जिता हाय. आन् त्येनं अग्नी दिला म्हून तर मी त्येला दीर म्हणती."

हसणारा म्हातारा म्हणाला, "ती लढाई आपली हुती. ही इंग्रजाची."

"मग धाडला कशापायी? तुमीच हलगी लावून वाटं लावला न्हवं? त्या येळंला इंग्रजाची न्हवती व्हय?"

पाराच्या टोकाला पिंजारीकाका बसले होते. ते माझ्या चुलत्यांच्याच तुकडीत होते, एका पायाने अधू होऊन परतले होते आणि घरोघरी जाऊन कापूस पिंजायचे. ते फारसं बोलत नसत. तेव्हा एवढंच म्हणाले, "तोफंला गोळा लागतुया, पाटील. गोळा काय चालत येत न्हाई."

आजोबांनी मिशीला हात लावला. शेवटी म्हणाले, "दगड घडवाय माजी ना न्हाई. रांगंत बशिवायचं दसऱ्याला बगू." गावाच्या भाषेत याचा अर्थ असा की दसऱ्यापर्यंत बाई विसरेल. त्यांना आपली सून इतक्या वर्षांतही कळली नव्हती.

गावचा पाथरवट दळायची जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचा. वीरगळ घडवायचा म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "आक्का, माज्या पणज्यानं बी वीरगळ क्येला नसंल. कसा करतात त्येच ठावं न्हाई."

"रांग हाय की वेशीबाह्यर. बगून कर."

"आन् आत काय काढू? घोडं?"

"खेचार काढ."

मग पिंजारीकाकांना बोलावणं गेलं. पाथरवटाच्या अंगणात ती दुपार मी पुरती ऐकली, म्हणून तुम्हाला सांगू शकते. पाथरवट कोळशाने दगडावर घोडा काढायचा आणि पिंजारीकाका म्हणायचे, "कान वाढीव." तो कान वाढवायचा. "आजून वाढीव. खेचाराचं कान बगितलं न्हाईस व्हय कवा?" शेवटी ते खेचर सशासारखं दिसायला लागलं, तेव्हा थोरली आई पहिल्यांदा हसली.

"आन् कुटं पडलं त्ये बी पायजे चौकटीत," पाथरवट म्हणाला. "किल्ला हुता का?"

"किल्ला कुटला? गाव हुतं," पिंजारीकाका म्हणाले. "आपल्या गावाच्या निम्मं. एक रस्ता, त्यात ह्यो चिकूल. दर घराच्या दाराफुडं उकिरडा. शेण मायंदाळ, पर एक बाई शेणी थापंल तर शपत. लाकडाचं जोडं घालून बाया फिरायच्या, टक टक टक. गावच्या मदी पान्याचं टाकं, वर छप्पर. त्येच्या भवती गुडघ्यावर बसून धुनं बडवायच्या. धोपाटनं आपल्यावानीच. आन् धुताना गावच्या कागाळ्या करायच्या. भाषा कळत न्हवती, पर कागाळ्या कळत हुत्या."

थोरली आई म्हणाली, "त्या कुटं बी कळतात."

"तितंच टाक्याम्होरं आमी खेचरांस्नी पानी पाजत हुतो. बाया वरडायच्या, पानी घाण करता म्हून. एक म्हातारी लय तोंडाळ. पर गोळा पडला त्या दिवशी तिनंच चितंला आपल्या गोठ्याचं दार काढून दिलं. सुकं लाकूड दुसरं न्हवतं. मी आन् आनखी दोघं हुतो. म्हातारी शेवटपत्तूर हुबी हुती, पावसात."

हे तिने पूर्वीही ऐकलेलं असणार. तरी ती जमिनीकडे बघत होती.

पाथरवटाने थोड्या वेळाने विचारलं, "गावाला देऊळ हुतं का? देऊळ काढलं म्हंजी गाव वळकू येतंय."

"हुतं की. उंच टोकदार. वर कोंबडा."

"कोंबडा?"

"कळसावर कोंबडा. लोखंडाचा. वाऱ्यानं फिरायचा."

पाथरवटाने कोळसा खाली ठेवला. "कळसावर कोंबडा म्हंजी कंच्या द्येवाचं देऊळ म्हनायचं त्ये?"

"त्येंच्या द्येवाचं."

"त्यो कोंबडं खातो का कोंबड्यावर बसतो?"

"त्ये मी कशाला इचारू? तू काढ."

त्याने काढलं. आमच्या हेमाडपंती शिखरासारखं शिखर आणि कळसाच्या जागी भलामोठा तुरेवाला कोंबडा. मधलीने पाठवलेल्या फोटोतल्या चर्चवरही कोंबडा आहे. तेच गाव असं मी म्हणत नाही, तसे कोंबडे तिथे गावोगाव असावेत. पण छपराखालचं टाकं आणि कळसावरचा कोंबडा मी पंधराव्या वर्षी कोळशाने काढलेला पाहिला होता, तुमच्या फोटोआधी कितीतरी वर्षं.

त्या पावसाळ्यात आमच्या भागात चळवळ जोरात होती. भूमिगत पोरं उसाच्या फडांत लपून असत आणि गावं त्यांना भाकरी पोचवत. आमच्या फडात असलेल्यांना भाकरी थोरली आई न्यायची, वैरणीच्या भाऱ्यात घालून. एकदा गणपतीच्या सुट्टीत आले असताना मी बरोबर होते. त्यांच्यातला एक जण आमच्याच गावचा, विशीतला, फार तडफेचा. भाकरी हातात घेऊन तो म्हणाला, "काकी, एक कानावर आलंय. तुमी इंग्रजाच्या नोकराचा दगड बशिवताय म्हनं. आमी हितं इंग्रजाशी लढतुया, आन् तुमी त्येच्या खेचराला शेंदूर लावनार? ह्ये हुनार न्हाई. आमी हू द्यायचो न्हाई."

थोरली आई भारा बांधत होती. ती थांबली नाही. "हातातली भाकरी खाल्लीस का?"

"खातुया की."

"ती त्या नोकराच्या पेन्शनीच्या जुंधळ्याची हाय. औंदा आमचं पीक पान्यानं ग्येलं. महिना झाला, तुमी समदी त्येच खाताय."

बाकीची पोरं खाली बघायला लागली. त्याने भाकरी खाली ठेवली.

"ठिऊ नगंस," ती म्हणाली. "खा. उपाशी लढाई हुत न्हाई. पर आमच्या घरात कुनाचा दगड असावा आन् कुनाचा नसावा, त्ये इंग्रजानं बी ठरवायचं न्हाई आन् तू बी न्हाई."

तो म्हणाला, "लोक काय म्हनतील त्येचा इचार करा."

"त्यो करत बसली असती तर तुला भाकरी कुनी आनली असती रं?"

तिला त्या पोरांचा राग नव्हता. आदल्या महिन्यात फौजदाराने विचारपूस केली तेव्हा तिनेच त्याला तोंडावर सांगितलं होतं की आमच्या फडात रानडुकरं आहेत, आत जायचं तर खुशाल जा.

मग दुसऱ्या बाजूने त्रास आला. दगडाची बातमी मामलेदारापर्यंत पोचली. त्याचा कारकून छत्री घेऊन आमच्या ओसरीवर आला आणि गोड बोलला. साहेबांना फार आनंद झालाय, दसऱ्याला स्वतः साहेब येतील, बँड आणतील, दगडावरचा पडदा दूर करतील, आणि त्याच वेळी फौजभरती ठेवू म्हणजे गावाचं नाव वर जाईल.

आजोबा अडचणीत आले. नाही म्हणणं अवघड. थोरल्या आईने आतूनच विचारलं, "सायेब त्येंचं नाव घेनार का?"

कारकून म्हणाला, "कुणाचं?"

"ज्येंचा दगड त्येंचं."

"घेतील ना. लिहून दिलं तर घेतील."

"मग नगं," ती बाहेर येऊन म्हणाली. "सायेबाला सांगा, तुमचा दगड तुमी चावडीत बशिवला, लय झालं. ह्यो आमचा आमी बशिवतो. आन् पोरं न्ह्यायाची असतील तर दुसऱ्या दिवशी या. माज्या मान्साच्या अंगावर हुबं ऱ्हाऊन भरती करू नगा."

कारकुनाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "ती म्हनती तसं." तोवर त्यांनाही तिच्या बोलण्याची गोडी लागली असावी.

दसऱ्याला मी गावी आले तेव्हा दगड तयार होता. पाथरवटाने तो गोणपाटात गुंडाळला होता, कुणाला आधी दाखवणार नाही म्हणाला. दुपारी गाडीत घालून तो वेशीबाहेर आणला. गाव जमलं होतं, काही कौतुकाने, बरेचसे गंमत बघायला. गुरव शेंदराची वाटी घेऊन उभा होता. पाथरवटाने गोणपाट सोडलं.

खाली लांब कानांचं खेचर, पाठीवर पेट्या, पुढे चालणारा माणूस. त्यामागे कोंबड्याचं देऊळ आणि छपराखालचं टाकं. वर अप्सरा, त्या मात्र आमच्याकडच्या नथवाल्या बायांसारख्या. त्याच्या वर पिंड, चंद्र, सूर्य. आणि उजव्या कडेला, दगडाच्या खालपासून वरपर्यंत, एक उभारलेला हात. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटभर बांगड्या.

बायकांमधून एक आवाज निघाला आणि लगेच बंद झाला. तो हात काय असतो ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नवऱ्याबरोबर जळालेल्या बाईच्या दगडावर तो हात काढतात. सतीचा हात. आणि जिच्या नवऱ्याचा हा दगड ती समोर उभी होती, जिवंत, कमरेला पदर खोचून.

गुरवाने वाटी खाली ठेवली. "ह्ये काय केलंस रं?"

पाथरवटाला कळेना काय चुकलं. "आक्का म्हनल्या, रांगंतलं बगून कर. रांगंतला सगळ्यात मोठा, सगळ्यात चांगला दगड बगितला, त्येच्यावर हात हाय. मला वाटलं चांगल्या दगडावर असतुया हात."

रांगेत सगळ्यात मोठा दगड आमच्याच घराचा. पानिपताची खबर आली तेव्हा त्या मूळपुरुषाची बायको त्याचं पागोटं घेऊन चितेवर बसली होती, असं दर दसऱ्याला आजोबा सांगत. पाथरवट त्या वेळी मागे आपट्याची पानं वाटत असायचा. त्याने कधी नीट ऐकलं नसेल.

पारावरचे म्हातारे एकदम बोलायला लागले. अपशकुन आहे. जित्या बाईचा हात काढला, आता घरात काही चांगलं होणार नाही. हात तासून काढा, नाहीतर दगड ओढ्यात टाका. पारावर गाढवांवरून हसलेला तो म्हातारा तर म्हणाला, "दगड खोटा बोलतुया. सती न्हाई ग्येली, मग हात कशाचा? का आता जानार हायस, थोरले?" काही जण हसले.

पाथरवटाने छिन्नी काढली. "तासतो आक्का. चुकलं माजं."

थोरली आई दगडापुढे जाऊन त्या हाताकडे बघत होती. तिने स्वतःचा हात उचलला आणि त्या कोरलेल्या पंजावर ठेवला. बरोबर बसला नाही, दगडातला हात मोठा होता. तिच्या मनगटात काही नव्हतं. दगडातल्यात चारपाच बांगड्या होत्या.

"न्हाई तासायचा," ती म्हणाली.

"आगं, त्यो सतीचा हाये."

"माजा हाय. माज्या नवऱ्याच्या दगडावर दुसऱ्या कुनाचा असनार?" ती मागे वळली. "त्येंची खबर आली, त्ये कागूद कुनाला वाचता येत न्हवतं. नुसतं कागूद बगून माज्या बांगड्या फोडल्या. मी ल्हान हुती, फोडू दिल्या. ह्या दगडाच्या हायती. ह्या कोन फोडतंय बगती मी."

गुरव म्हणाला की असल्या दगडाला तो शेंदूर लावणार नाही. म्हातारे म्हणाले की गावातला एकही माणूस हा दगड उतरवायला हात लावणार नाही. पुरुष खरंच मागे सरले. पिंजारीकाका आणि पाथरवट पुढे आले, पण एक लंगडा आणि एक म्हातारा, दगड जागचा हलेना.

तेव्हा माझी आई पुढे झाली. नंतर परटाची बायको. मग आणखी काही. यांतल्या बऱ्याच जणींचे नवरे, मुलगे त्या वेळी कुठल्या कुठल्या आघाडीवर होते आणि त्यांच्या खबरा येत नव्हत्या. मी त्या वेळी हे जोडून पाहिलं नाही, आता लिहिताना पाहते आहे. मीही दोराला हात घातला. माझ्या शाळेच्या परकराची किनार तिथे फाटली. आम्ही दगड गाडीवरून घसरवत खाली आणला आणि खड्ड्यात लोटला. तो जरा तिरपा बसला, आमच्या घराच्या मोठ्या दगडाकडे झुकलेला. पाथरवट म्हणाला, "पाचर मारून सरळ करतो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बायांनी बशिवलाय ह्ये कळू दे."

शेंदराची वाटी तिने स्वतः उचलली. विधवेने शेंदराला हात लावायचा नसतो. तिने तेलात कालवला आणि खेचरापासून वर चंद्र-सूर्यापर्यंत लावला. मग घरच्या कर्त्याने बोलायची वेळ आली. सगळे आजोबांकडे बघत होते. आजोबा काठीवर रेलून उभे होते. ते म्हणाले, "तूच सांग. तुला समदं ठावं हाय."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेते, लाजत, तेही मैत्रिणींनी दार अडवल्यावर. थोरल्या आईने ते नाव सगळ्या गावासमोर घेतलं, उखाण्याशिवाय, बांधावरून हाक मारावी तसं. कुणाचा मुलगा ते सांगितलं. खेचरं घेऊन गेला, कळसावर कोंबडा असलेल्या गावात, टाक्यापाशी पडला, तिथल्या एका म्हातारीने दार दिलं, ह्या माझ्या दिराने अग्नी दिला. एवढं सांगून ती खाली वाकली आणि आपट्याची पानं ठेवली.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण तसं होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. दगडावर सतीचा हात दिसल्यावर वर्षभरातच बाहेरगावच्या बायका त्या दगडाला तेल घालायला लागल्या. शेजारचे जुने सतीचे हात झिजले होते, हा नवा, ठसठशीत. बायकांना वाटलं नवी सती झाली. हिरव्या बांगड्या ठेवायला लागल्या, नवस बोलायला लागल्या. गुरवाने विरोध केला, मग नारळ यायला लागल्यावर तोही थांबला. थोरल्या आईचा मळा त्याच वाटेला. कामातून विसावा घ्यायला ती त्या दगडापाशी येऊन बसायची, टेकून.

एकदा मी सुट्टीत आलेली असताना कवठे महांकाळकडची एक नवी सून सासूबरोबर आली. हातात तेलाची वाटी आणि हिरवा चुडा. तिने दगडाला वाकून नमस्कार केला आणि टेकून बसलेल्या बाईला विचारलं, "आवं आजी, ही सतीआई नवसाला पावती का?"

"पावती की," थोरली आई म्हणाली. "पर तिला लय तहान लागलीया. आदी ओढ्यावरनं तांब्याभर पानी आन."

सून पळत गेली, तांब्या भरून आणला आणि दगडापुढे ठेवला. थोरल्या आईने तो उचलला, घटाघटा प्याली, पदराने तोंड पुसलं.

"हां," ती म्हणाली. "आता माग काय मागायचं त्ये."